परदेशातून घरी आल्यावरचे दिवस : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात या सदरात साथीच्या काळातील प्रवासाविषयी थोडे लिहिले होते. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. बहुतेकांनी विचारले आहे ते एकच : परदेशातून आपले माणूस घरी येते तेव्हा त्याला दूर ठेवायचे का, आणि ठेवायचे तर किती दिवस व कसे. कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. परंतु त्या काळात घराघरांत झालेले रुसवेफुगवे अजून मिटलेले नाहीत, असे या पत्रांवरून दिसते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी, जावई आणि नातू जर्मनीत असतात. जानेवारी २०२२ मध्ये ते सुट्टीवर गावी आले, तेव्हा नातू तीन वर्षांचा होता. निघण्यापूर्वीची चाचणी निगेटिव्ह होती, मुंबई विमानतळावरची चाचणीही निगेटिव्ह आली, आणि दोघांचे लसीकरण पूर्ण झालेले होते. तरीही मुलीने सात दिवस माडीवरच काढले. माझ्या आईला तेव्हा दम्याचा त्रास होता आणि वय ८५ होते. पणतू घरात असूनही तिला तो अंगणात खाट टाकून, माडीच्या कठड्याकडे मान वर करून पाहावा लागला. भावकीत त्यावरून बरेच बोलले गेले आणि आजही बोलले जाते. पुढच्याच महिन्यात सरकारने तो नियम काढून टाकला. मग एवढ्या अट्टहासाची गरज होती का? पुन्हा अशी साथ आली तर आम्ही कसे वागावे?
— एक निवृत्त शिक्षक, चोपडा तालुका

उत्तर : आपल्या मुलीने केले ते योग्यच होते. आपल्या पत्रात तिच्याविषयी अभिमानही आहे आणि थोडी रुखरुखही आहे, म्हणून हे सुरुवातीलाच स्पष्ट लिहितो. तिने भावकीचा रोष पत्करला तो आपल्या आईसाठी.

आता चाचणीविषयी. चाचणी निगेटिव्ह आली याचा अर्थ इतकाच की, नाकातून नमुना घेतला त्या घटकेला त्यात सापडण्याइतका विषाणू नव्हता. त्या काळच्या नियमानुसार निघण्यापूर्वीची आरटीपीसीआर चाचणी प्रवासाच्या आधी ७२ तासांच्या आत केलेली चालत असे. म्हणजे नमुना दिल्यानंतर माणूस दोन-तीन दिवस कामावर जातो, सामान घेण्यासाठी बाजारात फिरतो, रेल्वेने विमानतळ गाठतो, तेथे रांगांमध्ये थांबतो आणि मग आठ-नऊ तास विमानात बसतो. या काळात संसर्ग झाला, तर विषाणूची संख्या वाढून तो चाचणीत दिसू लागेपर्यंत आणखी काही दिवस जातात. प्रवासात लागण झालेल्या माणसाची मुंबईत उतरल्याबरोबर केलेली चाचणी म्हणूनच बहुधा निगेटिव्ह येते, आणि तोच माणूस चौथ्या दिवशी घरात सर्वांच्या मांडीला मांडी लावून जेवत असताना इतरांना रोग देऊ शकतो. कोरोनाचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो, हीच या रोगाची सर्वांत अवघड बाजू होती. आपल्या मुलीला आठव्या दिवशी पुन्हा चाचणी करावी लागली असेल. विमानतळावर जे निसटू शकते ते पकडण्यासाठीच ती चाचणी होती.

दिवसांची संख्या बदलत गेली, यामुळेही लोकांचा विश्वास डळमळला. मार्च २०२० मध्ये १४ दिवस सांगितले जात होते. त्या वर्षी मे महिन्यात परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी वंदे भारत मोहीम सुरू झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस या १४ दिवसांचे दोन भाग झाले : सात दिवस संस्थात्मक विलगीकरणात आणि सात दिवस घरी. पुढे ओमायक्रॉनच्या वेळी फक्त सात राहिले. हे आकडे कोणाच्या लहरीवर ठरलेले नव्हते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती काळ जातो, यावर हा सगळा हिशेब चालतो. सुरुवातीच्या कोरोनात हा काळ सरासरी पाच-सहा दिवसांचा होता आणि ज्यांना लक्षणे येतात त्यांच्यापैकी जवळजवळ सर्वांना ती साडेअकरा दिवसांच्या आत येत. त्यावर थोडी सावधगिरी धरून १४ दिवस ठरले. ओमायक्रॉनमध्ये हाच काळ तीन दिवसांच्या आसपास आला, त्यामुळे सात दिवस पुरेसे झाले. उद्याची साथ वेगळ्या रोगाची असेल तर आकडाही वेगळा असेल. साध्या फ्लूमध्ये लक्षणे एक ते चार दिवसांत दिसतात, इबोलामध्ये २१ दिवसांपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून ‘मागच्या वेळी सातच दिवस होते’ असे म्हणून पुढच्या वेळी वाद घालू नये. त्या रोगाला किती दिवस लागतात ते आधी विचारावे.

राहिला प्रश्न नियम लगेच काढून टाकल्याचा. ११ जानेवारी २०२२ पासून परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरी वेगळे राहणे बंधनकारक झाले आणि १४ फेब्रुवारीपासून ते बंधन गेले. त्याऐवजी १४ दिवस स्वतःच्या प्रकृतीवर लक्ष ठेवावे, अशी सूचना आली. तारखा पाहून आपल्याला हे विसंगत वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आरंभीची परिस्थिती आठवा. देशातील पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला तो वुहानहून परतलेला विद्यार्थी होता. आपल्या राज्यातील पहिले रुग्ण ९ मार्च रोजी पुण्यात सापडले ते दुबईहून आलेले दांपत्य होते. त्या वेळी रोग बाहेरून येत होता, त्यामुळे बाहेरून येणाऱ्या एकेका माणसाला थोपवण्याला मोठा अर्थ होता. फेब्रुवारी २०२२ पर्यंत ओमायक्रॉन देशभर पसरला होता आणि विमानातून उतरलेल्या माणसाकडून लागण होण्याची जितकी शक्यता होती, तितकीच आठवडी बाजारातही होती. तेव्हा सरकारने विमानतळावरील सक्ती उठवली, हे योग्यच झाले.

आपल्या घरापुरते पाहिले तर मात्र चित्र बदलत नाही. सरकारी नियम राज्याचा आणि देशाचा हिशेब पाहून ठरतो. घरातला नियम घरातील सर्वांत अशक्त माणसाकडे पाहून ठरवावा लागतो. दमा असलेल्या ८५ वर्षांच्या आजींचा धोका परिपत्रक निघाल्याने वाढत नाही आणि मागे घेतल्याने कमीही होत नाही. ६० वर्षांवरील सहव्याधीग्रस्तांना तिसरी मात्रा देण्याची सुरुवातच १० जानेवारी २०२२ रोजी झाली होती, म्हणजे आपल्या मातोश्रींना ती तोवर मिळालेली असण्याचा संभवही कमी. शिवाय लशीमुळे आजार गंभीर होण्याची शक्यता पुष्कळ घटते, लागण मात्र पूर्णपणे टळत नाही. भावकीत पुन्हा विषय निघाला, तर त्या महिन्यात आईंची झोपण्याची खाट कोठे होती आणि माडीवरून खाली येणाऱ्याला त्या खाटेजवळून किती वेळा जावे लागले असते, एवढेच विचारावे.

पुढच्या वेळेसाठी दोन गोष्टी सांगतो. लहान मूल एकटे वेगळे राहू शकत नाही, त्यामुळे आई आणि मूल मिळून एकच घटक धरावा; मुलाला आजोबांकडे खाली पाठवायचे आणि आईने वर राहायचे, असे केल्यास वेगळे राहण्याचा सारा उपयोग संपतो. पाच वर्षांखालील मुलांना प्रवासापूर्वीच्या चाचणीतून सूट होती, पण सूट असली म्हणजे ते मूल संसर्ग पसरवत नाही असे मुळीच नव्हे. दुसरे म्हणजे दिवसांची मोजणी. तिघे एकत्र राहत असतील आणि पाचव्या दिवशी त्यांच्यापैकी एकाला ताप आला, तर उरलेल्या दोघांचे दिवस त्या रुग्णाशी आलेल्या शेवटच्या संपर्कापासून पुन्हा मोजावे लागतात. घरातील कोणी ‘फक्त पाचच मिनिटे’ म्हणून माडीवर जाऊन बंद खोलीत मास्कशिवाय गप्पा मारून आले, तर तेही त्या क्षणापासून त्या घटकात आले असे समजावे. अंगणातून, मोकळ्या हवेत, दहा-बारा हातांवरून बोलायला मात्र कसलीच आडकाठी नाही. आपल्या मातोश्रींनी पणतूला तसे रोज पाहिले असेल, तर त्यांनी काहीच गमावले नाही असे मी म्हणणार नाही. पण त्यांना जे राखायचे होते ते राखले गेले.

प्रश्न : नमस्कार सर. मी आखातात नोकरीला आहे. कोरोनाच्या वेळी मे महिन्यात गावी आलो तेव्हा फार हाल झाले. घर दोन खोल्यांचे, पुढे ओटा, संडास-बाथरूम एकच. घरात मधुमेही वडील, आई, भाऊ, आणि वहिनी गरोदर. वेगळी खोली आणायची कोठून? लोक म्हणाले मळ्यात राहा. तेथे पत्र्याची खोली आहे, दुपारी आत पाय ठेवता येत नाही. सुट्टी एका महिन्याची, त्यातले दिवस असे गेले. आमच्यासारख्यांनी काय करावे?
— पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, विलगीकरणाच्या सूचना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा जोडलेले बाथरूम असलेली खोली असते आणि आपल्याकडील बहुसंख्य घरांत ती नसते. तुमची तक्रार रास्त आहे. तरीही दोन खोल्यांच्या घरात बरेच काही करता येते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात मुंबईतूनच करावी लागते. आपल्याकडे माणूस परदेशातून येणार म्हटले की मोठी गाडी ठरवून घरातील सहा-सात जण त्याला घ्यायला विमानतळावर जातात, आणि परतताना काचा बंद करून, एसी लावून आठ-नऊ तास गप्पा मारत येतात. कसारा घाट चढण्यापूर्वीच सगळे घर संपर्कात आलेले असते. साथीच्या काळात घ्यायला एकानेच यावे आणि तो तरुण, निरोगी असावा. येणाऱ्याने मागच्या आसनावर, चालकाच्या विरुद्ध बाजूला बसावे, दोघांनी नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावावा आणि काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात. वाटेत जेवायचे झाल्यास धाब्याच्या आत न बसता बाहेर बाजेवर बसावे. गाडी करणे परवडत नसेल आणि रेल्वेनेच यावे लागणार असेल, तर मास्क अजिबात न काढता यावे आणि स्टेशनवरून गावापर्यंत कोंबून भरलेल्या काळी-पिवळीत बसू नये. तेवढ्या टप्प्यासाठी भावाने मोटारसायकल घेऊन यावे. शहादा-नवापूरकडच्या लोकांना सुरतेचे किंवा अहमदाबादचे विमान मिळाले, तर रस्त्यावरचा वेळ पुष्कळ वाचतो.

आता घर. पहिला विचार असा करावा की, वेगळे कोणी व्हायचे? प्रत्येक वेळी आलेल्या माणसालाच बाहेर काढण्याची गरज नसते. तुमच्या घरात सर्वांत जास्त जपायला हवे ते वडिलांना आणि वहिनींना. वहिनींनी तेवढे दिवस माहेरी जाणे आणि वडिलांनी काकांकडे किंवा आत्याकडे राहणे जमत असेल, तर तो मार्ग तुम्हाला पत्र्याच्या खोलीत पाठवण्यापेक्षा शतपटींनी चांगला आहे. मात्र ही हलवाहलव तुम्ही येण्यापूर्वी व्हायला हवी. तुम्ही आल्यावर दोन दिवसांनी ते गेले, तर रोग दुसऱ्या घरी पोहोचवल्यासारखे होईल.

मळ्यात राहण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे गावोगाव पसरला, तेव्हा लोक घरे सोडून शेतात झोपड्या घालून राहत, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो आहोत. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेहून परतलेल्या कितीतरी कुटुंबांनीही तसेच केले. ज्यांना मळा नव्हता त्यांची सोय जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली. पण मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि पत्र्याखाली तर त्याहूनही वर. उष्माघात हाही जीव घेणाराच आजार आहे, आणि तापाने अंग तापलेल्या माणसाला तर तो अधिकच लवकर गाठतो. त्यामुळे उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत कोणालाही दिवसा ठेवू नये. केळीच्या बागेजवळ किंवा आंब्याखाली सावली असेल, पिण्याचे पाणी असेल, फोन चार्ज होत असेल आणि रात्री हाकेच्या अंतरावर कोणीतरी असेल, तरच मळ्याचा विचार करावा. ताप आलेल्या माणसाने तेथे एकट्याने रात्र काढू नये.

घरातच राहायचे ठरले तर एक खोली तुमची आणि दुसरी घरच्यांची, आणि तुमचे झोपणे ओट्यावर किंवा गच्चीवर. उन्हाळ्यात आपण एरवीही गच्चीवर झोपतो. साथीच्या काळात तर ती घरातील सर्वांत सुरक्षित जागा आहे, कारण श्वासातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण मोकळ्या हवेत झटकन विरून जातात आणि बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात.

दिवसा खोलीत कूलर लागणारच, आणि या कूलरकडे नीट लक्ष द्यावे. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या जाळ्यांतून आत ओढतो आणि जोराने खोलीत सोडतो. बाहेरची ताजी हवा आत येते हा त्याचा मोठा फायदा. एसी तीच ती हवा फिरवत ठेवतो. पण आत आलेली हवा कोठून तरी बाहेर जाणारच. तुमच्या खोलीचे दार उघडे असेल, तर तुमच्या श्वासातली हवा कूलरच्या जोराने थेट वडील बसलेल्या खोलीत ढकलली जाईल. म्हणून घराच्या आतले दार बंद ठेवावे, दाराखालच्या फटीत ओले पोते किंवा चादर गुंडाळून लावावी, आणि बाहेर उघडणारी दुसरी खिडकी किंवा झरोका पूर्ण उघडावा. हवा योग्य बाजूने जाते की नाही हे पाहायचे असेल तर उदबत्ती पेटवून दाराच्या फटीजवळ धरावी. धूर घरच्यांच्या खोलीकडे जात असेल तर फट अजून नीट बुजलेली नाही. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला कूलर मात्र आतलीच हवा फिरवतो, त्याचा या कामी उपयोग नाही.

संडास-बाथरूम एकच असेल तर तुम्ही सर्वांच्या शेवटी जावे, आत असताना मास्क ठेवावा, बाहेर आल्यावर खिडकी उघडी ठेवून दार लावून घ्यावे आणि पुढचे किमान अर्धा तास तरी कोणी आत जाऊ नये. टॉवेल आणि साबण वेगळे असावेत. जेवणाचे ताट घरातील एकाच निरोगी माणसाने दाराबाहेर स्टुलावर ठेवून बाजूला व्हावे आणि तुम्ही नंतर घ्यावे. ताट-वाटी नेहमीच्या भांड्यांच्या साबणाने धुतली की झाले. ती फेकून देण्याची किंवा पत्रावळी आणण्याची काहीच गरज नाही. मी हे मुद्दाम लिहितो आहे, कारण परतलेल्या मुलाला पत्रावळीवर जेवायला वाढलेले पाहून आईला होणारे दुःख मी पाहिले आहे, आणि ते दुःख पूर्णपणे अनावश्यक असते.

त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ ताप मोजावा. ऑक्सिमीटर मिळाल्यास बोटाला लावून आकडा वहीत लिहावा. तो ९४ च्या खाली गेला, किंवा खोलीतल्या खोलीत सहा मिनिटे चालल्यावर तीन किंवा अधिक अंकांनी उतरला, तर डॉक्टरांना फोन करावा. धाप लागणे, छातीत दुखणे, बोलण्यात असंबद्धता येणे किंवा ओठ निळसर दिसणे यांपैकी काहीही झाले, तर दिवस किती उरले हे न मोजता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गावच्या आशाताईंना तुम्ही आल्याचे पहिल्याच दिवशी कळवून ठेवले असेल तर अशा वेळी धावाधाव कमी होते.

सुट्टीतले दिवस गेले, ही तुमची खंत मला समजते. वर्षावर्षाने महिनाभर घर पाहायला मिळणाऱ्या माणसाला एक आठवडा म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. कंपनीकडे आधीच लेखी अर्ज करून विलगीकरणाचे दिवस सुट्टीबाहेर धरावेत अशी विनंती करावी, एवढेच सुचवता येते. ती मान्य होईलच, असे आश्वासन मी देऊ शकत नाही.

प्रश्न : महोदय, साथीच्या काळात माझे सासरे वारले. दीर कॅनडाहून आले. त्यांनी अग्नी द्यावा की नाही, घरात बसावे की नाही, यावरून घरात फार वाद झाले. शेवटी ते आठ दिवस समोरच्या घरी एकटेच राहिले. सासूबाई अजून म्हणतात, ‘माझा मुलगा दारात असून मला भेटला नाही.’ अशा प्रसंगी काय करायला हवे होते?
— शहादा

उत्तर : ताई, या प्रश्नाचे उत्तर लिहिताना मी बराच वेळ थांबलो. नियम करणाऱ्यांनीही दुःखाचा विचार केला होता : मे २०२० च्या सूचनांमध्ये कुटुंबातील मृत्यू, गंभीर आजार, गरोदरपण किंवा सोबत दहा वर्षांखालील मुले, अशा कारणांसाठी संस्थात्मक विलगीकरणातून सूट देऊन १४ दिवस घरीच राहण्याची मुभा ठेवलेली होती. पण घरी पोहोचल्यावर माणसाने रडायचे कसे, हे कोणतेही परिपत्रक सांगू शकत नाही.

अंत्यसंस्कार उघड्यावर, नदीकाठी होतात. मास्क लावून, इतरांपासून थोडे अंतर राखून अग्नी देण्याने फारसा धोका नव्हता. धोका होता तो नंतरच्या दिवसांचा, जेव्हा गावोगावचे लोक दारावर येतात आणि पुढच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसतात. त्यांत वयस्कर माणसेच अधिक असतात. अशा वेळी सर्वांचेच बसणे अंगणात किंवा ओट्यावर मंडपाखाली करावे, आणि परदेशातून आलेल्या मुलाने मंडपाच्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला न बसता, वेगळी खुर्ची घेऊन बसावे. म्हणजे तो शोकात सर्वांबरोबर असतो आणि कोणाला त्याच्यापासून बाधाही होत नाही. सात दिवसांचा नियम धरला तरी गंधमुक्तीपर्यंत त्याचे दिवस पूर्ण होतात आणि पुढचे विधी त्याला सर्वांसोबत करता येतात.

आईच्या भेटीविषयी माझे मत सांगतो. मुलाला ताप, खोकला, घसा दुखणे असे काहीही नसेल, तर दोघांनीही चांगले मास्क लावून, मोकळ्या अंगणात, थोडा वेळ एकमेकांना धरून रडू द्यावे आणि मग दूर व्हावे. यात जोखीम शून्य नाही. परंतु नवरा गेलेल्या बाईला आठ दिवस मुलाचा हातही लागू नये, याने होणारी इजाही खरी असते, आणि वैद्यकाने तिचाही हिशेब धरला पाहिजे. मुलाला लक्षणे असतील तर मात्र हेही करू नये. तेव्हा खिडकीच्या काचेपलीकडूनच भेटावे. सासूबाईंना आता एवढे सांगता येईल की, दीर समोरच्या घरात बसून राहिले ते त्यांना आणखी काही होऊ नये म्हणून. हे त्यांच्या तोंडून झाले तर अधिक बरे होईल; पुढच्या भेटीत दिरांनाच बोलायला सांगावे.

प्रश्न : मार्च २०२० मध्ये माझ्या भाच्याच्या हातावर शिक्का मारला गेला होता. गल्लीतील कोणीतरी त्या हाताचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर गावभर फिरवला. असे करणे योग्य होते का? आणि शिक्का असताना बाहेर फिरणाऱ्यांवर खरोखर गुन्हा होतो का?
— भुसावळ

उत्तर : फोटो फिरवणे सर्वथा अयोग्य होते. राज्याने त्या महिन्यात घरी विलगीकरणात पाठवलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या वेळी वापरतात तशा न पुसणाऱ्या शाईने शिक्के मारायला सुरुवात केली, ती काही लोक घरी न थांबता सरळ प्रवास करत होते म्हणून. जर्मनीहून आलेल्या चार प्रवाशांना हातावरील शिक्के पाहून पालघर स्थानकावर गाडीतून उतरवण्यात आले, ती घटना त्याच काळातील. अशांना ओळखण्यापुरता शिक्क्याचा उपयोग झाला. पण नियम पाळून घरात बसलेल्या मुलाचा हात गावभर दाखवल्याने कोणाचेही रक्षण होत नाही. उलट पुढच्या वेळी येणारा माणूस आल्याचे लपवतो, आणि लपवलेला रुग्ण उघड रुग्णापेक्षा गावाला कितीतरी अधिक महाग पडतो. माहिती द्यावी ती ग्रामपंचायतीला, आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला, आणि तेथेच ती राहावी.

गुन्ह्याविषयी : त्या वेळी १८९७ चा साथरोग कायदा आणि भारतीय दंड संहितेची कलमे १८८, २६९ व २७० लागू होत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आहे. जीवघेणा संसर्ग पसरेल असे निष्काळजी वर्तन आता कलम २७१ खाली येते, आणि विलगीकरणाच्या नियमाचे उल्लंघन कलम २७३ खाली.

प्रश्न : परदेशातून आलेल्या बॅगा, कपडे, चॉकलेट यांचे काय करावे? आम्ही त्या वेळी सगळे तीन दिवस उन्हात ठेवले होते आणि बॅगांवर औषध फवारले होते.
— धरणगाव

उत्तर : फवारणीची गरज नाही. कोरोना प्रामुख्याने श्वासातून बाहेर पडणाऱ्या कणांवाटे पसरतो. वस्तूंना हात लावल्याने लागण होण्याची शक्यता फार कमी असते, हे २०२० च्या अखेरीपर्यंत स्पष्ट झाले होते. बॅग बाहेरून ओल्या फडक्याने पुसावी, कपडे नेहमीच्या साबणाने धुवावेत आणि हात धुऊन चॉकलेट मुलांना वाटावे. बॅग उघडताना सगळे घर तिच्याभोवती गोळा होते, ते मात्र टाळावे. ती येणाऱ्याने एकट्याने आपल्या खोलीत उघडावी आणि ज्याची त्याची भेटवस्तू दाराबाहेर ठेवावी.